मुकादमाला बांधलं तो रविवार

९ मार्च, सोमवार

ही वही मी भांडायला घेतली आहे. घरात आवाज चढवला की नवरा म्हणतो, ‘जाऊ दे ना.’ दुकानात चढवला की गिऱ्हाईक मान वळवून बघतं. इथे मी वाटेल तेवढं ओरडले तरी खालच्या मजल्यावर ऐकू जाणार नाही.

खालच्या मजल्यावर दुकान आहे, चष्म्याचं. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, उभं केलेलं. पडद्यामागच्या खोलीत ते डोळे तपासतात आणि मागच्या खोलीत मी काचा घासते, फ्रेमच्या मापाला आणते, बसवते. डोळे तपासायचं रीतसर शिक्षण मीही घेतलंय, प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवर टांगलंय. पण तपासणीच्या खुर्चीशेजारी जे गोल स्टूल आहे, त्यावर बाबांशिवाय कोणी बसायचं नाही. मी झाडायला गेले तरी त्यांना आवडत नाही.

आज तर कहरच झाला. खोलीला रंग दिला म्हणून मी सगळं पुसून पुन्हा लावत होते. भिंतीवरचा तक्ता इतका पिवळा पडलाय की बघवत नाही. इंग्रजी ‘E’सारख्या तीन दातांच्या खुणांचा तक्ता आहे. दात वर आहेत, खाली आहेत, डावीकडे की उजवीकडे, ते गिऱ्हाइकाने सांगायचं. वरच्या खुणा मोठ्या, खाली येतील तशा बारीक. आमचा तक्ता दोन्ही बाजूंनी छापलेला आहे. वरच्या ओळी दोन्हीकडे सारख्याच, फक्त खालच्या तीन वेगळ्या. गाडीच्या परवान्यासाठी येणारी बिलंदर माणसं ओळी पाठ करून येतात, त्यांना पकडायची ती सोय. तर मी मागची स्वच्छ बाजू पुढे केली आणि आनंदाने सांगायला गेले. ‘आधी होता तसा लाव,’ म्हणाले. ‘आत्ताच्या आत्ता. माझ्या खोलीत कोणाचं डोकं चालायला नको.’

तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीत गेले, हात बांधून थोडा वेळ उभी राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘लावला.’ तक्त्याला बोटही लावलं नव्हतं. बाबा आत आले, तक्त्यासमोर उभे राहिले, हात मागे बांधून नीट बघितलं आणि म्हणाले, ‘हां. आता बरं दिसतं.’

तोंडावर हात दाबून मागच्या खोलीत पळाले तेव्हा कुठे हसू आवरलं. म्हणजे तक्त्याशी काही देणंघेणं नव्हतंच. नुसता हुकूम गाजवायचा होता.

१४ एप्रिल, मंगळवार

शिवणकाम करणाऱ्या बाई आज तिसऱ्यांदा चष्मा परत घेऊन आल्या. सुईत दोरा जातो पण डोकं ठणकतं, जमीन वर आल्यासारखी वाटते म्हणाल्या. या महिन्यात परत आलेला हा काही पहिला चष्मा नाही. बाबा त्यांच्यासमोर म्हणाले, ‘घासणीत लक्ष नाही आमच्या सूनबाईंचं.’

मी नंबर पुन्हा मोजला. काच अगदी सांगितली तशी होती. तसं म्हटलं तर म्हणाले, मग लिहून घेताना चुकली असशील. गेलं वर्षभर ते स्वतः नंबर लिहीतच नाहीत. पडद्यामागून ओरडतात आणि मी कारकुनासारखा लिहून घ्यायचा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. बाई माझ्याकडे असं बघत होत्या की जणू मी त्यांच्या डोळ्यांत मिरची घातली.

त्यात भर म्हणजे मुकादम. हा कुत्रा बाबांनी गेल्या वर्षी रस्त्यावरून आणला. मला विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको. पट्टा हातभर लांबीचा, आणि हा त्यांच्या डाव्या पायाला चिकटून चालणार. दुकानाच्या पायरीपाशी मध्येच उभा राहतो, बाबांनी पाय आपटल्याशिवाय हलत नाही. मागून हातात काचांचा ट्रे घेऊन मी येत असले तरी याला काय त्याचं! असला मंद कुत्रा मी आजवर पाहिला नाही. आणि बाबा त्याला शाबासकी देतात, चालत नाही म्हणून.

२७ एप्रिल, सोमवार

चौकातल्या मोठ्या दुकानाने मला विचारलंय. तपासणीची खुर्ची माझी, घासायला दुसरी माणसं. पुढच्या मंगळवारपर्यंत सांगायचंय. मी नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी पाणी पिऊन घेतलं. मग म्हणाला, ‘रविवारी तळ्यावर जाऊन येऊ, मग बघू. जाऊ दे ना तोवर.’ याला दगडावर बसवलं तर दगडाला कंटाळा येईल.

आज सकाळी बाबांच्या पुढ्यात चहा ठेवला, तो त्यांनी कोपराने सांडला. माझ्यावरच खेकसले, चहा ठेवताना तोंडाने सांगता येत नाही का? आता चहाची दवंडी पिटायची मी! संध्याकाळी रस्त्यात समोरून आले. मी हात केला, हसले. सरळ बघत निघून गेले. हातभर अंतरावरून! शेजारचे दुकानदार बघत होते. सून म्हणजे रस्त्यातला खांब.

जायचं. ठरलं. तळ्यावर मीच सांगणार त्यांना.

३ मे, रविवार, परत आल्यावर

टोपलीही उघडली नाही, आधी हे लिहितेय. असला माणूस मी पाहिला नाही.

दर उन्हाळ्यात एक रविवार दुकान बंद ठेवून आम्ही डोंगरातल्या तळ्यावर जातो. पहाटेपासून मी अंडी उकडली, पाव कापले, काकड्या सोलल्या. नवऱ्याने गाडी पुसली, एवढंच त्याचं कर्तृत्व. मुकादमाला पुढे बाबांच्या पायाशी बसवायचं नाही, हे मी निक्षून सांगितलं. मग बाबाही मागे जाऊन बसले, रुसलेल्या पोरासारखे. वाटभर त्यांचा हात कुत्र्याच्या मानेवर. लेक मध्ये चेंगरली होती.

गाडी लावतात तिथून तळ्यापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. मुकादम प्रत्येक पायरीवर थांबला. प्रत्येक! मी मागे टोपली घेऊन, उन्हात. खाली पोचलो तर पाटी होती, कुत्री बांधून ठेवावीत. मी म्हटलं, बरं झालं. गेल्या वर्षी शेजारच्या कुटुंबाचा कुत्रा पाण्यातून येऊन आमच्या जेवणावर अंग झाडून गेला होता. बाबा म्हणाले, पट्टा माझ्या हातात राहील, तेही बांधल्यासारखंच. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. पट्टा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पायऱ्यांजवळच्या झाडाला बांधला. नवऱ्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

मग चादरीपर्यंत बाबा नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून आले. बापलेकाचं प्रेम उतू चाललं होतं. माझ्याविरुद्ध फळी.

तळं सुंदर होतं, हे रागातही लिहायला हवं. पाणी इतकं नितळ की तळचे दगड मोजावेत, आणि समोर सरळ उठलेला डोंगराचा कडा. मुकादम भुंकायला लागला की तो कडा भुंकणं जसंच्या तसं परत पाठवायचा. लेकीला ते इतकं आवडलं की तीही भुंकायला लागली. बाबा मात्र बसले ते बसलेच. जागचे हलले नाहीत. लेक म्हणाली, ‘आजोबा, ती लाल होडी बघा ना.’ ते म्हणाले, ‘छान आहे हं.’ तोंड डोंगराकडे. मी म्हटलं, होडी या बाजूला आहे. ‘मला माहीत आहे,’ म्हणाले. नातीसाठीसुद्धा मान वळवणार नाहीत! पोरीचं तोंड एवढंसं झालं. ती बापाबरोबर गोटे वेचायला गेली.

मी म्हटलं, हीच वेळ. चौकातल्या दुकानाचं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, शपथ. परत आलेल्या प्रत्येक चष्म्याचं खापर माझ्यावर फोडलंत, तेही सांगितलं. माझ्या हातची एक काच चुकलेली दाखवा म्हटलं. त्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. मग एवढंच विचारलं, ‘कधीपासून जाणार?’ मी म्हटलं, पुढच्या महिन्यापासून. ‘बरं,’ म्हणाले आणि उठले.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. थांब नाही, चुकलं नाही, काही नाही. मुकादम तिकडे झाडाशी जीव खाऊन भुंकत होता आणि हा माणूस पाण्याकडे चालत सुटला. ताठ मानेने, होड्या लावायच्या लाकडी धक्क्यावरून, सरळ. मला वाटलं, टोकाशी जाऊन पाठ करून उभे राहतील, माझी समजूत घालायची वाट बघतील. मी मुद्दाम टोपली आवरायला लागले.

ते टोकाशी थांबले नाहीत. पुढचं पाऊल पाण्यात टाकलं. बुटांसकट, चष्म्यासकट.

मी किंचाळले. नवरा धावला. पण आधी पोचला तो मुकादम. पट्टा तोडून, धक्क्यावरून उडी मारून. बाबांनी त्याची मान धरली आणि नवऱ्याने दोघांना काठावर ओढलं. पाणी गळ्याएवढंच होतं, पण बर्फासारखं गार. लेक रडत होती.

रागावून माणूस जेवत नाही, बोलत नाही, घर सोडतो. हे कपड्यांसकट तळ्यात गेले! सगळ्यांसमोर! आता मी दुकान सोडलं तर लोक म्हणणार, सुनेने म्हाताऱ्याला जीव द्यायला लावला. नवरा परतीच्या वाटेवर सारखं ‘पाय घसरला असेल’ म्हणत होता. पाय घसरला म्हणे. मी बघितलंय. घसरलेला माणूस असा चालत नाही.

मुकादम माझ्या मांडीवर डोकं ठेवून थरथरत होता. त्याला पुसायला मी माझा टॉवेल दिला. त्याच्यावर माझा राग नाही.

४ मे, सोमवार

बाबा सर्दीतापाने अंथरुणात. चष्मा तळ्याच्या तळाशी गेला. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत नवा करून देते, नंबर सांगा. ‘काही घाई नाही,’ म्हणाले. जन्मभर चष्मे विकलेला माणूस! माझ्या हातचा नको, दुसरं काय.

दुकान मी उघडलं. पहिल्याच शिवणकामवाल्या बाई आल्या, कपाळाला रुमाल बांधून. मी त्यांना सरळ तपासणीच्या खोलीत नेलं आणि स्टुलावर बसले. गोल फिरतं स्टूल आहे. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळले ते एक टांग लंगडणारं निघालं.

बाईंना एकेक भिंग घालून बघितलं. त्यांच्या जुन्या चष्म्यात आणि आजच्या नंबरात जेमतेम फरक. मग नव्या चष्म्याला बाबांनी एवढा मोठा नंबर कशावरून दिला? पुन्हा खालच्या ओळी वाचायला लावल्या. बाई भराभर सांगत होत्या, वर, डावीकडे, खाली, वर, आणि मी तक्त्याकडे बघत होते, एकेक बरोबर. तेवढ्यात पडद्यामागून बाबांचा आवाज आला. अंगावर शाल घेऊन खाली आले होते.

‘भिंग वाढव,’ म्हणाले. ‘चौथी खूण चुकल्या त्या. चौथी डावीकडे आहे.’

माझं डोकंच फिरलं. आजारी असताना उठून माझी परीक्षा घ्यायला आले! मी म्हटलं, बाबा, चौथी वर आहे, मला दिसतेय. आणि तुम्ही पडद्याच्या पलीकडे आहात, तुम्हाला कुठून...

बोलता बोलता मी थांबले. उठून तक्ता खिळ्यावरून काढला आणि मागची पिवळी बाजू बघितली. चौथी खूण डावीकडे होती.

मी तक्ता हातात धरून तशीच उभी राहिले. पडद्याखालून मुकादमाचे पाय दिसत होते आणि त्याला चिकटून बाबांचे. त्या बाजूने बाबा हळूच म्हणाले, ‘वर असेल तर वरच असेल. हल्ली पाठ असलेलंही जातं माझ्या डोक्यातून.’ मग मुकादमाला म्हणाले, ‘चल.’ पायरीशी मुकादम थांबला. बाबांनी पाय आपटला. मग दोघं चढले.

बाईंना मी काय सांगून वाटेला लावलं, आठवत नाही.

५ मे, मंगळवार

नवऱ्याला माहीत होतं.

वर्षापासून! डोळ्यांच्या दवाखान्यात हाच घेऊन गेला होता. डोळ्यामागची नस सुकत चाललीय, चष्म्याने काही व्हायचं नाही, उजेड-अंधार कळेल, जवळची सावली कळेल, तेही जाईल. बाबांनी शपथ घातली म्हणून हा मूग गिळून बसला. लोकांचे नंबर चुकत होते, माझी लाज निघत होती, मी रात्रीच्या रात्री काचा पुन्हा मोजत होते आणि हा म्हणत होता, जाऊ दे ना. तळ्यावर मी पट्टा काढून घेतला तेव्हा तोंड उघडून पुन्हा मिटलं. बाप बुडाला असता तरी मिटलेलंच राहिलं असतं का, असं मी विचारलं. तो रडायला लागला. मला दया आली नाही. आज तरी नाही.

म्हणाला, ‘बाबा म्हणाले, तिला कळलं तर ती मला स्टुलावरून उठवेल.’

उठवलंच असतं. का उठवू नये? लोकांचे डोळे आहेत ते, मालकी हक्काची खुर्ची नाही. शिवणकामवाल्या बाईंचं पोट त्या डोळ्यांवर आहे. मला संताप येतोय आणि तो कुठे ठेवू तेच कळत नाही, कारण दर वेळी मध्ये तो तक्ता येतो. ते रोज त्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या तोंडून चुकीच्या खुणा ऐकत होते, भिंगावर भिंग चढवत होते आणि मनात म्हणत होते, डोळे गेले, आता डोकंही चाललं. मार्चपासून. आणि मी तोंड दाबून हसले होते.

संध्याकाळी चौकातल्या दुकानाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. बाबांवर उपकार म्हणून नव्हे. मला खुर्ची हवी होती ती हीच, लंगड्या स्टुलासकट.

६ मे, बुधवार

आज दुकानात बरीच माणसं होती. परत आलेल्या चष्म्यांच्या सगळ्या मालकांना मीच बोलावलं होतं. शिवणकामवाल्या बाई पुढच्याच बाकावर. मी बाबांना वरून बोलावलं, मुकादमासकट, आणि तपासणीच्या खोलीत गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं. जन्मात पहिल्यांदा बसले असतील. हाताने चाचपून त्यांना कळलं कुठे बसलोय ते. उठले नाहीत.

मी तक्त्यातली सगळ्यात मोठी खूण बोटाने दाखवली आणि विचारलं, दात कुठे? ‘उजवीकडे,’ म्हणाले, पटकन. मी तक्ता खिळ्यावरून काढून खालचं टोक वर करून उलटा धरला होता. दात डावीकडे होते. मी त्यांना तसं सांगितलं. मग तक्ता घेऊन जवळ गेले. आणखी जवळ. कागद त्यांच्या नाकाला लागला, वास आला असेल त्यांना.

‘आता?’ मी विचारलं.

त्यांचा हात मुकादमाच्या मानेवर गेला. ‘दिसत नाही,’ म्हणाले.

‘मोठ्याने सांगा. बाहेर माणसं बसलीत.’

मला वाटलं उठून जातील. वाटलं, आता पुन्हा तळं. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. मग त्यांनी दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘मला दिसत नाही. वर्ष झालं. तुमचे नंबर मी चुकवले. हिची एकही काच चुकलेली नाही.’

बाबा माझ्या दिशेने म्हणाले, ‘झालं समाधान?’

‘नाही,’ मी म्हटलं. झालं नव्हतंच. मी विचारलं, तळ्यावर पाण्याकडे का चालत गेलात? म्हणाले, मुकादमाकडे चाललो होतो. भुंकणं समोरून येत होतं.

म्हणजे कड्यावरून परत आलेलं भुंकणं. मला तिथून पळून जायचं होतं. पण मी नुकतंच त्यांना मोठ्याने बोलायला लावलं होतं. मीही तेवढ्याच मोठ्याने म्हटलं, ‘मार्चमध्ये तक्ता मी परत फिरवलाच नव्हता, बाबा. फिरवला म्हणून खोटं बोलले. उलटी बाजू होती आजवर.’

पडद्यापलीकडे कोणीतरी खाकरलं. बाबांचे ओठ हलायला लागले. खालच्या तीन ओळी होत्या त्या, पिवळ्या बाजूच्या. खाली, वर, उजवीकडे, डावीकडे, अगदी शेवटच्या बारीक खुणेपर्यंत. मी तक्ता फिरवून एकेक खूण ताडून बघितली.

‘बरोबर आहे का?’ त्यांनी विचारलं.

‘सगळं बरोबर आहे.’

‘म्हणजे माझं डोकं शाबूत आहे,’ बाबा म्हणाले. आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी चारचौघांत कबूल केलं होतं, शिव्या खायला उभी होते, आणि तो माणूस मुकादमाची मान खाजवत हसत होता.